डाव्या कुशीचं भय

सायकल मी चाळिशी ओलांडल्यावर शिकले, तीही माझ्याच लेकीकडून. तिला शाळेतून मिळालेली निळी सायकल होती, पुढं तारेची टोपली आणि मागं कॅरियर असलेली. लेक लग्न होऊन जालन्याला गेली आणि सायकल आमच्याकडं राहिली. साडी अडकू नये म्हणून मी मागच्या चाकाला जाळी बसवून घेतली आणि तेव्हापासून ती माझी झाली.

मी अंगणवाडी सेविका आहे. आमचं गाव जाफराबादहून टेंभुर्णीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे, पण माझी अंगणवाडी गावाबाहेरच्या फाट्यावरून तीन किलोमीटर आत एका वस्तीवर. तिकडं एसटी जात नाही, जीप जात नाही. सायकलच्या आधी मालक मला मोटारसायकलवर सोडायचे आणि सोडताना तोंड असं करायचे की मी त्यांच्या डोक्यावर बसून चालले आहे. सायकल आली आणि ते तोंड बघायचं सुटलं. सहा वर्षं मी माझ्या वेळेला गेले, माझ्या वेळेला आले. वाटेत बोरं दिसली तर उतरून बोरं खाल्ली. सासूबाईंना हे सुख कधी कळलं नाही. "बाईच्या जातीनं असं टांग टाकून हिंडू नये," असं त्या सहा वर्षं म्हणत राहिल्या आणि मी सहा वर्षं घंटी वाजवत त्यांच्यासमोरून जात राहिले.

मग गेल्या भाद्रपदात एका सकाळी मी डाव्या कुशीवर वळले आणि घर फिरलं.

फिरलं म्हणजे खरंच फिरलं. वरचे पत्रे, पत्र्याखालचा लाकडी वासा, वाशाला टांगलेली बियाण्याची पिशवी, सगळं एका बाजूला धावत सुटलं आणि थांबेचना. मी दोन्ही हातांनी बाजेची दांडी धरली. आपण खाली पडतोय असं वाटत होतं आणि पडत तर नव्हते. अर्ध्या मिनिटात थांबलं असेल. मग भडभडून उलटी झाली. डोळे उघडले तर पत्रे जागेवर, पिशवी जागेवर. मला वाटलं, पित्त असेल. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशी परत तेच.

गावातल्या डॉक्टरनं बीपी बघितलं आणि अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावलं. आमच्याकडं सलाईन लागल्याशिवाय आजारी पडल्याचं समाधानच होत नाही. दोन बाटल्या रिचवून मी घरी आले आणि पाचव्या दिवशी सायकल काढली. गावाबाहेर मागून ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून डावीकडून मान वळवून बघितलं आणि सायकलसकट कपाशीत गेले. ट्रॅक्टरवाल्यानंच उचललं. कोपर फुटलं होतं, ते आठ दिवसांत भरून आलं. पण दुपारपर्यंत गावभर झालं की सायकलवाली पडली.

"त्या सायकलनंच झालं हे," सासूबाई म्हणाल्या. "डोक्यात वारं भरलं. म्या सांगून राह्यले व्हते का न्हाई?"

मालकांनी सायकल गोठ्यात नेऊन भिंतीला टेकवली. "दिवाळीला ताई येईल, तिच्या पोरीला देऊन टाकू," ते म्हणाले. ताई म्हणजे माझी नणंद. "इथं पडून काय करायची?"

मला भांडायचं होतं. पण भांडायला मान ताठ करून उभं राहावं लागतं आणि माझी तेवढीही ताकद राहिली नव्हती. मी रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागले. वाकून भांडी घासायची भीती, दोरीवर कपडे टाकायला वर बघायची भीती, केस धुताना डोळे मिटायची भीती. सगळ्यात मोठं भय डाव्या कुशीचं. झोपेत चुकून तिकडं वळले की संपलं. आपल्याच अंगाची एक बाजू आपल्यावर टपून बसली आहे, असं जगणं मी दुश्मनासाठीही मागणार नाही. दिवसातून दोनदा तरी मी न्हाणीत जाऊन रडायचे आणि रडताना मान हलू नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरून ठेवायचे.

त्यातच नवरात्र आलं. मंगळवारच्या आरतीला सासूबाईंनी बळंच देवळात नेलं. आत जाताना सगळ्यांसारखी मीही घंटा वाजवली. आमच्या देवळातली घंटा उंच आहे, हात पुरवायचा तर मान मागं टाकून वर बघावं लागतं. मी वर बघितलं आणि घंटा, मंडप, देवी, सगळं गरगरायला लागलं. मी जवळचा खांब कवळला. पाय गेले, मी खाली बसले आणि खांबाला धरून डोलायला लागले. चक्कर आली की माझी बुबुळं थडथडतात, हे मला पुढं जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं. तेव्हा ते मला ठाऊक नव्हतं, पण देवळातल्या बायांना समोर दिसत होतं. बाहेर संबळ वाजत होता.

"आई आली गं! अंगात आली!" कुणीतरी ओरडलं.

दुसऱ्या कुणी माझा अंबाडा सोडला. कपाळावर मूठभर कुंकू पडलं, थोडं डोळ्यांत गेलं. हातात लिंबू आलं. मी डोळे किलकिले केले तर पायांवर डोकं ठेवून माझ्या सासूबाई. ज्या बाईनं सत्तावीस वर्षांत माझ्या हातच्या भाजीला एकदा चांगलं म्हटलं नाही, ती म्हणत होती, "काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल, आई!"

"थांबा," मी म्हणाले. "हलू नका. कुणी हलू नका!"

आणि सगळं देऊळ थांबलं. संबळ थांबला, टाळ्या थांबल्या, पुजाऱ्यानं आरतीचं ताट हवेतच धरलं. मला फक्त एवढंच हवं होतं, की माझ्यासमोरची एक तरी गोष्ट जागेवर राहावी.

सगळे थांबले, एक बाई थांबली नाही. माझ्या चुलत जाऊबाई, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, आमच्या शेजारीच राहणाऱ्या. त्यांच्या लेकीनं सात वर्षांपूर्वी आपल्या मनानं टेंभुर्णीच्या दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न केलं होतं आणि ती तिथंच नांदत होती. जाऊबाईंच्या मालकांनी त्या दिवसापासून लेकीचं नाव घरात घेऊ दिलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ते वारले, तरी भावकीनं लेकीला कळवू दिलं नाही. त्या जाऊबाई माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवत होत्या.

"माझी लेक येईल का? सांग आई, येईल का माझी लेक?"

प्रत्येक हिसक्याला देऊळ उलटंपालटं होत होतं. त्या हात काढेनात. "येईल!" मी ओरडले. "येईल, येईल, येईल! सोडा मला!"

त्यांनी हात काढले. मी खांबापाशीच ओकले आणि मग सगळं थांबलं.

दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी मला बाजेवर चहा आणून दिला. चहात आलं घातलेलं होतं. मला भांडी घासू देईनात, झाडू हातात घेऊ देईनात. शुक्रवारी तीन बाया आल्या, पुढच्या मंगळवारी आठ. एकीला बोअरला पाणी लागेल का विचारायचं होतं, एकीला सुनेला दिवस कधी जातील ते. मी काहीच बोलायचे नाही, मान स्थिर ठेवून समोर बघत बसायचे, आणि त्या त्यातून आपापलं उत्तर घेऊन जायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. आजाऱ्याला घरात कुणी विचारत नाही, हे मी महिनाभर बघितलं होतं. देवीला सगळे विचारतात.

फक्त सायकलचं नाव काढायची सोय राहिली नाही. "आता अंगावर देव हाय, सायकलवर टांग टाकायची न्हाई," सासूबाईंनी बजावलं. चक्कर म्हणावं तर सायकलनं आली म्हणून सायकल जाते. देवी म्हणावं तर देवीला शोभत नाही म्हणून सायकल जाते. कुठूनही हिशोब केला तरी सायकल जातच होती.

दसरा झाल्यावर लेकीच्या कानावर हे गेलं. ती फोनवर कडाडलीच. "आई, तू अंगणवाडीत बायांना अंधश्रद्धेवर काय सांगतीस अन् घरी काय करून राह्यलीस? उद्याच्या उद्या जालन्याला निघ."

जाफराबादहून जालन्यापर्यंतची ती एसटी मी जन्मात विसरणार नाही. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, डोळे मिटलेले, प्रत्येक खड्ड्याला जीव मुठीत. लेक स्टँडवर आली होती. तिनं मला हाताला धरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी मला पलंगावर बसवलं, मान डावीकडं वळवली आणि झटकन मागं आडवं केलं. मी किंचाळले. त्यांनी डोकं घट्ट धरून ठेवलं, हळूहळू उजवीकडं फिरवलं, मग कुशीवर केलं, मग उठवलं. म्हणाले, कानाच्या आत खोल बारीक कण असतात, ते जागेवरून सरकले की तोल जातो. डावा कान. जिवाला धोका नाही, पण धीर धरावा लागेल.

"सायकलनं झालं का?" मी विचारलं.

"नाही हो. सायकलचा काय संबंध?"

"मग तेवढं लिहून द्या."

ते हसले. मला हसू येत नव्हतं. मी हलेना, तेव्हा त्यांनी औषधाच्या चिठ्ठीखाली लिहून दिलं की हा आजार सायकल चालवल्यानं झालेला नाही, पूर्ण बरं वाटल्यावर सायकल चालवायला हरकत नाही. मी तो कागद ब्लाउजमध्ये ठेवून घरी आले. सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "डॉक्टरला देवाचं काय कळतंय?" मालकांनी कागद उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली आणि परत दिला.

डॉक्टरांनी घरी करायचा व्यायाम दिला होता. बाजेच्या काठावर बसायचं, झपकन एका कुशीवर पडायचं, तोंड वर करून मनात तीस मोजायचे, उठायचं, परत तीस मोजायचे, मग दुसऱ्या कुशीवर. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. म्हणजे जिचं भय, त्याच डाव्या कुशीवर आपण होऊन रोज दहा वेळा पडायचं. घरात हे केलं असतं तर परत कुंकू आलं असतं. म्हणून मी गोठ्यात मोडकी बाज टाकली आणि दाराला कडी लावून तिथं पडायला लागले. पडले की छप्पर सुटायचं. तीस आकडे एवढे लांब असतात हे मला पहिल्यांदा कळलं. कधी सतरालाच धीर सुटायचा, मी उठून बसायचे, स्वतःलाच शिव्या द्यायचे आणि परत पडायचे.

सायकल तिथंच होती, चाकातली हवा गेलेली. टोपलीत कुणीतरी गोणपाट कोंबलं होतं आणि त्यावर आमची लाल कोंबडी खुडूक होऊन बसली होती. खुडूक कोंबडी एकदा बसली की उठत नाही. दिवाळीच्या तोंडावर सासूबाईंनी तिच्याखाली नऊ अंडी सारली. मी बाजेवर इकडून तिकडं पडत असायचे आणि ती एका डोळ्यानं माझ्याकडं बघायची. तिनंच माझी सायकल वाचवली. भाऊबीजेला नणंद आली, भाची सायकल न्यायला गोठ्यात शिरली, तेव्हा सासूबाईच आडव्या आल्या. "अंडी हायेत खाली. कोंबडी उठवायची न्हाई बिलकुल. संक्रांतीला न्या."

दिवाळीनंतर माझी आजारपणाची रजा संपली. मालक परत मला वस्तीवर सोडायला लागले आणि ते तोंड परत आलं. मी मागं डोळे मिटून बसायचे. तरी बरं वाटत चाललं होतं. एके दिवशी डाव्या कुशीवर पडले आणि छप्पर हललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवस नाही. मी सायकलच्या दुकानातून पंप आणला, कोंबडीला धक्का न लावता हवा भरली. आणि नवव्या दिवशी, काही कारण नसताना, नुसती उठून बसले तर सगळं परत फिरलं, पहिल्या दिवसासारखं.

त्या दिवशी मी हरले. बाजेवर पडून राहिले, उठलेच नाही. वाटलं, द्या ती सायकल कुणाला द्यायची त्याला. लावा कुंकू. बसते मी मंगळवारी, समोर बघत. यापुढं माझं एवढंच. मी एवढी रडले की कोंबडी अंड्यांवरून उठून उभी राहिली, मग परत बसली.

सासूबाई दार वाजवत होत्या, बाहेर बाया येऊन बसल्या होत्या. मी कडी काढली नाही. डोळे पुसले, बाजेच्या काठावर बसले आणि डावीकडं पडले. एक, दोन, तीन.

पुढं किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. अंडी फुटली, सात पिलं निघाली, टोपली रिकामी झाली. चक्कर कमी होत होत सकाळची एक बारीक लहर राहिली, मग तीही गेली. मी सायकल स्टँडवर लावून जागच्या जागी पायडल मारून बघितलं. ती गोठ्यातल्या गोठ्यात हातानं चालवली. रस्त्यावर मात्र काढली नाही, आणि त्याचं कारण चक्कर नव्हतं.

कारण होत्या जाऊबाई. नवरात्रापासून त्या रोज न चुकता अंगणात सडा घालून, धुवट लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन फाट्यावर जायच्या. दुपारची टेंभुर्णीची जीप येऊन गेली की माघारी यायच्या. गाव म्हणायचं, लेकीची वाट बघते, देवीनं सांगितलंय ना. जाताना त्या आमच्या दाराला हात जोडायच्या. मी सायकलवर दिसले म्हणजे मी देवी नव्हते. मी देवी नव्हते म्हणजे लेक येणार नव्हती. माझ्या एका 'येईल'पायी ती बाई रोज उन्हात उभी होती, आणि मला साधं खरं बोलायची हिंमत होत नव्हती.

संक्रांत आठ दिवसांवर आली तेव्हा एका सकाळी मी सायकल बाहेर काढली. बसले नाही, हातानं ढकलत जाऊबाईंच्या अंगणात नेली. त्या सडा घालत होत्या.

"बाई, तुमच्याशी बोलायचं हाय."

"बोल की."

"देवळात अंगात-बिंगात काही आल्तं न्हाई. मला कानाची चक्कर हाय. तुम्ही हलवत होता म्हणून मी येईल म्हणले. मला काही दिसलं न्हाई, बाई. मी खोटं बोलले."

त्यांनी बादली खाली ठेवली. "मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

"कव्हापासून?"

"तव्हाच. देवी उलटी करती का कुठं?"

"मंग रोज फाट्यावर कामून उभ्या राहता?"

"सात वर्सांत कुणी 'येईल' म्हणलंच न्हाई गं. खोटं बी न्हाई म्हणलं. तू म्हणलीस, मंग मला वाटलं, ती न्हाई तर आपण तरी जावं." त्या पदरानं हात पुसत होत्या. "वाट न्हाई बघत मी. जीपमधी बसायला जाते. पण जीपमधी समदी आपलीच माणसं. कुठं चालल्या, कामून चालल्या. जीप थांबती अन् माझे पाय उचलत न्हाईत."

त्यांची दृष्टी सायकलकडं गेली.

"तुला येती का आता चालवता?"

"ठाऊक न्हाई. चार महिने झाले, बसले न्हाई."

"मला मागं घेशील?"

"बाई, टेंभुर्णी आठ किलोमीटर हाय! मला चक्कर आली तर दोघी पडूत."

"पडलो तर बसूत जरा अन् उठूत," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा तीच पिशवी हातात होती. आत खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. लेकीची कधी न भरलेली ओटी. नारळ पिशवीत मावत नव्हता, तो त्यांनी माझ्या टोपलीत ठेवला. टोपलीत अजून कोंबडीची दोन पिसं होती.

मी साडी खोचली. जाऊबाई मागं कॅरियरवर बसल्या आणि मी टांग टाकली. पहिल्या पायडलला सायकल झोकांडली, दुसऱ्याला सावरली. जाऊबाईंनी माझी कंबर अशी धरली की श्वास घेता येईना. आमच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. मला बघून त्यांचे हात जोडायला उठले आणि छातीपाशीच थांबले. मी घंटी वाजवली.

गावाबाहेर कपाशीपाशी, मी पडले होते त्याच जागेवर, मागून गाडीचा आवाज आला. माझी मान आपोआप डावीकडं वळायला लागली आणि हँडल डगमगलं.

"तू बघू नको," जाऊबाई पाठीमागून म्हणाल्या. "तू समोर बघ. मागचं म्या बघते. टेंपो हाय, लांब हाय अजून. चाल बराबर."

मी समोर बघत पायडल मारत राहिले.